वाचकांचे प्रश्न : लायब्ररी जागेवर आहे, मग बिल्डला का दिसत नाही?

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे : मोबाइल अ‍ॅपमध्ये वापरलेली लायब्ररी (तयार कोडचा संच) डिस्कवर आहे, फोल्डर उघडलं की समोर दिसते, तरी बिल्ड (कोडपासून अ‍ॅप बांधणारी प्रक्रिया) म्हणतो सापडली नाही. ही ओळ तीन निरनिराळ्या बिघाडांमुळे येते. टूलने शोध घेतला तेव्हा लायब्ररी त्याच्या नजरेच्या टप्प्यात नव्हती, किंवा त्याने भलतीच लायब्ररी उचलली, किंवा बिल्ड नीट झाला आणि फोनवर लोड होताना ती गायब निघाली. आपला बिघाड यातला कोणता हे ठरवल्याशिवाय नोड-मॉड्यूल्स (जावास्क्रिप्टच्या लायब्ररींचं फोल्डर) उडवून पुन्हा इन्स्टॉल करण्यात दुपार घालवू नका. टूलला काय दिसलं हे टूललाच विचारता येतं, आणि खालच्या बहुतेक उत्तरांची सुरुवात तिथूनच होते.

कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमनमध्येच लिहायची, आणि ‘-एल’सारखे एका अक्षराचे पर्याय स्मॉल लेटरमध्ये.

प्रश्न : एकाच रिपॉझिटरीत आमची तीन अ‍ॅप्स आणि काही सामायिक पॅकेजेस आहेत. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह ०.७६ वापरतो. कॅमेऱ्याची नेटिव्ह लायब्ररी एका सामायिक पॅकेजमध्ये टाकली. जावास्क्रिप्टला ती मिळते, बिल्डही होतो, पण स्क्रीन उघडली की नेटिव्ह मॉड्यूल ‘नल’ असल्याची एरर येते. (पुण्याहून एक वाचक)

जावास्क्रिप्टचा शोध आणि नेटिव्ह बाजूचा, म्हणजे अँड्रॉइड-आयओएसच्या स्वतःच्या कोडचा, शोध वेगळ्या नियमांनी चालतात, त्यामुळे हे होतं. जावास्क्रिप्टचं इम्पोर्ट फोल्डरमागून फोल्डर वर चढत जातं आणि रिपॉझिटरीच्या मुळाशी असलेल्या नोड-मॉड्यूल्समध्ये लायब्ररी गाठतं. ऑटोलिंकिंग (नेटिव्ह लायब्ररी अ‍ॅपला आपोआप जोडणारी सोय) तसं चढत नाही. रिअ‍ॅक्ट नेटिव्हच्या ०.६० या आवृत्तीत, २०१९ साली ते आलं तेव्हापासून ते फक्त त्या अ‍ॅपच्या स्वतःच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये लिहिलेली नावं बघतं. अवलंबनाचं अवलंबन त्याच्या खिजगणतीत नसतं. तुमची लायब्ररी सामायिक पॅकेजच्या यादीत आहे, अ‍ॅपच्या यादीत नाही.

उपाय : नेटिव्ह कोड असलेली प्रत्येक लायब्ररी प्रत्येक अ‍ॅपच्या पॅकेज डॉट जेसनमध्येही लिहा. आवृत्ती तंतोतंत तीच ठेवा आणि आकड्याआधीचं कॅरेट (^) चिन्ह काढून टाका. आवृत्त्या वेगळ्या पडल्या तर लायब्ररीच्या दोन प्रती बसतात, जावास्क्रिप्ट एकीतून येतं आणि कोटलिन (अँड्रॉइडचा कोड) दुसरीतून. असा बिघाड शोधणं फार जिकिरीचं होतं. सामायिक पॅकेजमध्ये तीच लायब्ररी ‘पीअर डिपेंडन्सी’ (वापरणाऱ्या अ‍ॅपने पुरवायची लायब्ररी) म्हणून ठेवा.

मग अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये उभं राहून ‘एनपीएक्स रिअ‍ॅक्ट-नेटिव्ह कॉन्फिग’ चालवा. मोठा जेसन छापला जातो. त्यात ‘डिपेंडन्सीज’खाली लायब्ररीचं नाव शोधा. नावच नसेल, तर वरचा प्रश्न अजून सुटलेला नाही. नाव आहे, आयओएसची माहिती भरलेली आहे, पण ‘अँड्रॉइड : नल’ असं असेल, तर गोष्ट वेगळी आहे. सीएलआयने (रिअ‍ॅक्ट नेटिव्हच्या कमांड-टूलने) पॅकेज पाहिलं, पण त्यातला अँड्रॉइडचा भाग त्याला ओळखता आला नाही. आणि दोन्ही भरलेलं असूनही अ‍ॅपमध्ये मॉड्यूल येत नसेल, तर ग्रेडल (अँड्रॉइडचं बिल्ड टूल) जुनी यादी वापरतो आहे.

ही जुनी यादी मोनोरेपोत (अनेक अ‍ॅप्सच्या एकाच रिपॉझिटरीत) वारंवार आडवी येते. ०.७५ पासून ग्रेडल या कॉन्फिगचा निकाल ‘अँड्रॉइड/बिल्ड/जनरेटेड/ऑटोलिंकिंग’ या फोल्डरमधल्या ऑटोलिंकिंग डॉट जेसनमध्ये साठवतो आणि लॉक फाइल (बसवलेल्या आवृत्त्यांची नोंद) किंवा अशा ठरावीक फाइली बदलल्या तरच नव्याने विचारतो. मूळ रचनेत तो लॉक फाइल अँड्रॉइड फोल्डरच्या लगेच वर शोधतो. तुमची लॉक फाइल मात्र रिपॉझिटरीच्या मुळाशी, आणखी दोन पायऱ्या वर असते. तिच्यात झालेला बदल त्याला कळतच नाही. तेवढं एक फोल्डर उडवलं की यादी नव्याने बनते. कायमचा इलाज म्हणजे सेटिंग्ज डॉट ग्रेडलमधल्या ‘ऑटोलिंक-लायब्ररीज-फ्रॉम-कमांड’ला लॉक फाइलींचे खरे पत्ते देणं. त्याच हाताने अ‍ॅपच्या बिल्ड डॉट ग्रेडलमधल्या ‘रिअ‍ॅक्ट’ ब्लॉकमधले रूट, रिअ‍ॅक्ट-नेटिव्ह-डिर, कोडजेन-डिर आणि सीएलआय-फाइल हे चारही पत्ते तपासा. चारही मूळ धरून चालतात की नोड-मॉड्यूल्स अ‍ॅपच्या शेजारीच आहे.

प्रश्न : वरच्यासारखंच, पण लायब्ररी आमचीच आहे. कॉन्फिगमध्ये ‘अँड्रॉइड : नल’ येतं. अँड्रॉइड फोल्डर आहे, मॅनिफेस्ट आहे, कोड कंपाइलही होतो.

सीएलआय तुमचा कोटलिन कोड कंपाइल करून बघत नाही. तो सोर्स फाइलींवरून एक रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना शोधणारं सूत्र) फिरवतो आणि ‘रिअ‍ॅक्ट-पॅकेज’, ‘टर्बो-रिअ‍ॅक्ट-पॅकेज’ किंवा ‘बेस-रिअ‍ॅक्ट-पॅकेज’ यांच्यापासून थेट निघालेला क्लास शोधतो. तुम्ही मध्ये स्वतःचा एक अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास घातला असेल आणि खरा क्लास त्याच्यापासून निघत असेल, तर कंपायलरला नातं कळतं, रेग्युलर एक्स्प्रेशनला कळत नाही. क्लास मिळाला नाही की अख्खा अँड्रॉइड भाग नल.

लायब्ररीच्या मुळाशी ‘रिअ‍ॅक्ट-नेटिव्ह डॉट कॉन्फिग डॉट जेएस’ ठेवा आणि ‘डिपेंडन्सी, प्लॅटफॉर्म्स, अँड्रॉइड’ या क्रमाने आत जाऊन ‘पॅकेज-इम्पोर्ट-पाथ’मध्ये पूर्ण इम्पोर्टची ओळ आणि ‘पॅकेज-इन्स्टन्स’मध्ये नवा ऑब्जेक्ट बनवणारी ओळ लिहा. मग कॉन्फिग पुन्हा चालवून बघा. अजून नल असेल, तर खरा क्लास थेट ‘रिअ‍ॅक्ट-पॅकेज’पासून काढा. आयओएसला मात्र पॉडस्पेक फाइल (आयओएसच्या कोकोपॉड्स टूलसाठी लायब्ररीचं वर्णन) पॅकेजच्या मुळाशीच लागते, आयओएस फोल्डरच्या आत ठेवलेली उचलली जात नाही. शिवाय पॅकेज डॉट जेसनमधल्या ‘फाइल्स’ यादीत अँड्रॉइड फोल्डर आणि पॉडस्पेक आहेत ना, ते ‘एनपीएम पॅक’ चालवून बघा. स्वतःच्या मशीनवर चालतं आणि प्रकाशित आवृत्तीत चालत नाही, याचं कारण बहुधा ही यादी असते.

प्रश्न : सी++ चा एक भाग दोन्ही प्लॅटफॉर्मवर वापरतो. अँड्रॉइडच्या सीमेक फाइलमध्ये ‘फाइंड_लायब्ररी’ला फोल्डरचा पूर्ण पत्ता दिला आहे. फाइल तिथे आहे. तरी ‘नॉट-फाउंड’. इंटरनेटवर मिळालेला उपाय केला तर सापडते, पण मग लिंकर ओरडतो. (नाशिकहून एक वाचिका)

हा बिघाड मुळापासून समजून घ्यावा असा आहे, कारण अर्धवट उपायाने तो पुढच्या टप्प्यावर ढकलला जातो.

एनडीकेची (अँड्रॉइडसाठी सी++ बांधणाऱ्या साधनसंचाची) टूलचेन फाइल सीमेकला (सी++ च्या बिल्डची आखणी करणाऱ्या टूलला) सांगते की लायब्ररी, हेडर आणि पॅकेज फक्त सिसरूटमध्ये (अँड्रॉइडच्या लायब्ररी आणि हेडरच्या फोल्डरमध्ये) शोध. म्हणजे ‘सीमेक_फाइंड_रूट_पाथ_मोड_लायब्ररी’ची किंमत ‘ओन्ली’ असते. मग तुम्ही दिलेला ‘/होम/प्रकल्प/लिब्ज/आर्म६४-व्ही८ए’ हा पत्ता सीमेक जसाच्या तसा वापरत नाही. त्याच्यापुढे सिसरूटचा पत्ता चिकटवतो आणि ‘सिसरूट/होम/प्रकल्प/लिब्ज/…’ इथे जाऊन बघतो. तिथे काहीच नसतं. हा बंदोबस्त योग्य कारणासाठी आहे : तुमच्या लॅपटॉपची लायब्ररी चुकून फोनच्या अ‍ॅपमध्ये शिरू नये.

तुम्हाला मिळालेला उपाय ‘ओन्ली’च्या जागी ‘बोथ’ लिहिण्याचा असणार. त्याने हा बंदोबस्तच उठतो. तुमची लायब्ररी सापडते, पण पुढच्या ‘फाइंड_लायब्ररी’ला उबुंटूवर यूएसआर-लिबमधली किंवा मॅकवर होमब्रूमधली लायब्ररीही सापडू लागते. लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारं टूल) जे ‘इनकम्पॅटिबल’ म्हणून ओरडतो आहे ते याचमुळे, आणि तो ओरडतो हे चांगलंच आहे. एक्स८६-६४ एमुलेटरसाठी बांधताना आर्किटेक्चर योगायोगाने जुळतं, लिंकर गप्प राहू शकतो, आणि बिघाड लोड होताना उघडा पडतो. त्या लायब्ररीला लिनक्सची सी-लायब्ररी जीलिबसी हवी असते आणि अँड्रॉइडवर असते बायोनिक.

बरोबर मार्ग दोन. लायब्ररी कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक असेल तर शोधायला लावूच नका. ‘अ‍ॅड_लायब्ररी’ने ती ‘शेअर्ड इम्पोर्टेड’ म्हणून जाहीर करा आणि ‘इम्पोर्टेड_लोकेशन’मध्ये पत्ता द्या. पत्त्यात आर्किटेक्चरच्या जागी ‘अँड्रॉइड_एबीआय’ हे व्हेरिएबल लिहा, म्हणजे चारही आर्किटेक्चरच्या बांधण्यांना आपापली फाइल मिळेल. शोध घ्यायचाच असेल, तर त्या एका कॉलपुरते ‘नो_डिफॉल्ट_पाथ’ आणि ‘नो_सीमेक_फाइंड_रूट_पाथ’ हे दोन्ही शब्द जोडा. एकटा दुसरा शब्द लिहिला तर होस्टच्या (लॅपटॉपच्या) नेहमीच्या जागा पुन्हा शोधात येतात.

आता कॅशेची गोष्ट. ‘फाइंड_लायब्ररी’ला काही सापडलं नाही तर पुढच्या वेळी ती पुन्हा शोधते. पण एकदा काही सापडलं, मग ते चुकीचं का असेना, तो पत्ता सीमेक-कॅशेमध्ये बसतो आणि पुन्हा शोध होत नाही. म्हणून ‘बोथ’ काढून टाकल्यावरही तुमची होमब्रूची लायब्ररी चिकटून राहील. ‘ग्रेडल क्लीन’वर विसंबू नका. अ‍ॅप मॉड्यूलमधलं ‘.सीएक्सएक्स’ हे लपलेलं फोल्डर हाताने उडवा. हे करण्यामागे आता कारण आहे, म्हणून ते करायचं.

सीमेकने कुठे कुठे पाहिलं ते बघण्यासाठी त्या ओळीच्या आधी ‘सीमेक_फाइंड_डीबग_मोड’ खरं करा आणि नंतर खोटं करा. ३.१७ पासून ही सोय आहे. एसडीकेसोबत ३.२२.१ असेल तर चालेल. लॉगमध्ये तपासलेला एकूण एक पत्ता छापला जातो. त्यात सिसरूट पुढे चिकटलेला तुमचा पत्ता दिसेल आणि सगळा उलगडा होईल.

पीकेजी-कॉन्फिग (लायब्ररींचे पत्ते सांगणारं टूल) वापरत असाल तर तिथेही हाच सापळा आहे. ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’ दिल्याने तुमचा फोल्डर यादीत पुढे येतो, पण लॅपटॉपचे मूळ फोल्डर मागे राहतातच. ‘पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर’ दिलं की मूळ यादीच्या जागी तुमचीच यादी येते. क्रॉस बिल्डला हेच हवं. जोडीला ‘पीकेजी_कॉन्फिग_सिसरूट_डिर’ देताना लायब्ररीच्या ‘.पीसी’ फाइलमधला ‘प्रीफिक्स’ वाचून घ्या. त्यात आधीच सिसरूटसकट पूर्ण पत्ता असेल तर तो दोनदा चिकटू शकतो.

लायब्ररी एएआरमधून (अँड्रॉइड लायब्ररीच्या पॅकेजमधून) ‘प्रीफॅब’ने (त्यातला सी++ भाग सीमेकला देणाऱ्या सोयीने) येत असेल तर वरचं काहीच लागू नाही. तिथे ‘बिल्ड-फीचर्स’मध्ये प्रीफॅब चालू करा आणि ‘फाइंड_पॅकेज’ला ‘रिक्वायर्ड कॉन्फिग’ लिहा. तरी सापडत नसेल तर बिल्डच्या लॉगमध्ये प्रीफॅबचं खरं म्हणणं वाचा. बहुतेकदा ते एसटीएलबद्दल (सी++ च्या प्रमाण लायब्ररीबद्दल) असतं : ग्रेडलचा मूळ पर्याय ‘सी++_स्टॅटिक’, लायब्ररीला हवा ‘सी++_शेअर्ड’. सीमेकच्या आर्ग्युमेंट्समध्ये ‘अँड्रॉइड_एसटीएल’ शेअर्ड करा. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे तुमचा मिन-एसडीके (अ‍ॅप चालेल अशी किमान अँड्रॉइड पातळी) लायब्ररीच्या मिन-एसडीकेपेक्षा कमी असणं.

प्रश्न : बारकोड स्कॅनरचा एसडीके जोडला. जुन्या फोनवर चालतो. नव्या फोनवर ‘डीएल-ओपन फेल्ड, लायब्ररी नॉट फाउंड’. एपीके तीच.

एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल) म्हणजे झिप फाइल. ‘अनझिप -एल’ने यादी काढा आणि ‘डॉट एसओ’ने संपणाऱ्या, म्हणजे नेटिव्ह लायब्ररींच्या, ओळी बघा. बहुधा असं दिसेल : ‘लिब/आर्म६४-व्ही८ए’ खाली तुमच्या फ्रेमवर्कच्या सगळ्या फाइली, ‘लिब/आर्मईएबीआय-व्ही७ए’ खालीही त्या सगळ्या, आणि स्कॅनरची फाइल फक्त दुसऱ्या फोल्डरमध्ये. इन्स्टॉलर संपूर्ण अ‍ॅपसाठी एकच आर्किटेक्चर निवडतो. ६४ बिटच्या फोनवर आर्म६४चं फोल्डर दिसलं की तेच निवडलं जातं, आणि एखादी फाइल तिथे नसेल तर ती ३२ बिटच्या फोल्डरमधून घेतली जात नाही. एसडीके बनवणाऱ्याकडून आर्म६४ची फाइल मागवणं हाच इलाज. ‘एबीआय-फिल्टर्स’मध्ये फक्त व्ही७ए ठेवून घरच्या चाचणीपुरतं भागेल, पण १ ऑगस्ट २०१९ पासून प्ले स्टोअर नेटिव्ह कोडसाठी ६४ बिटची आवृत्ती मागतो.

यादीत फाइल दोन्हीकडे आहे आणि तरी सापडत नसेल, तर एनडीकेतलं ‘एलएलव्हीएम-रीडएल्फ -डी’ तुमच्या स्वतःच्या एसओवर चालवा आणि ‘नीडेड’ ओळी वाचा. तिथे नुसतं ‘लिबस्कॅन डॉट एसओ’ असायला हवं. त्याऐवजी ‘/होम/…/लिब्ज/आर्म६४-व्ही८ए/लिबस्कॅन डॉट एसओ’ असा लॅपटॉपचा पूर्ण पत्ता असेल, तर त्या लायब्ररीला ‘एसओनेम’ (फाइलीत कोरलेलं तिचं नाव) नाही. लिंकरला नाव मिळालं नाही, म्हणून त्याने दिलेला पत्ताच कोरून ठेवला. एपीआय २३ (अँड्रॉइड ६) च्या आधी अँड्रॉइडचा लोडर हे खपवून घेत असे, पुढे नाही. जुना फोन आणि नवा फोन यांतला फरक असाही पडू शकतो. इम्पोर्टेड लायब्ररीवर ‘इम्पोर्टेड_नो_एसओनेम’ हा गुणधर्म खरा करा, किंवा ‘पॅचएल्फ’ने एसओनेम घाला.

एक शक्यता चाचणी करणाऱ्यांना जरूर विचारा : अ‍ॅप प्ले स्टोअरवरून घेतलं, की एका फोनवरून दुसऱ्यावर फाइल शेअरिंगने पाठवलं? बंडलमधून (प्ले स्टोअरला दिलेल्या पॅकेजमधून) आलेल्या अ‍ॅपच्या नेटिव्ह लायब्ररी वेगळ्या ‘स्प्लिट’ एपीकेत असतात. नुसती बेस एपीके पाठवली तर त्या सोबत जात नाहीत.

प्रश्न : फ्लटरमध्ये नवं प्लगइन टाकलं की ‘मिसिंग-प्लगइन-एक्सेप्शन’. आणि तेच प्लगइन वेगळ्या आयसोलेटमधून बोलावलं की निराळीच एरर.

पहिली : हॉट रीलोड आणि हॉट रीस्टार्ट फक्त डार्ट (फ्लटरच्या भाषेतला कोड) बदलतात. नेटिव्ह बाजूची नोंदणी इंजिन सुरू होताना होते, म्हणून अ‍ॅप पूर्ण थांबवून पुन्हा चालवा. तरी राहिली तर प्रकल्पातली ‘.फ्लटर-प्लगइन्स-डिपेंडन्सीज’ फाइल उघडा. प्लगइन तुमच्या प्लॅटफॉर्मखाली नोंदलेलं नसेल तर त्याच्या पबस्पेकमध्ये (वर्णनाच्या फाइलमध्ये) त्या प्लॅटफॉर्मचा ‘प्लगइन-क्लास’ नाही. नोंदलेलं असेल तर लॉगकॅटमध्ये (अँड्रॉइडच्या लॉगमध्ये) ‘एरर रजिस्टरिंग प्लगइन’ शोधा. अँड्रॉइडची जनरेटेड नोंदणी-फाइल प्रत्येक प्लगइन ट्राय-कॅचमध्ये गुंडाळते, त्यामुळे प्लगइनच्या आतला क्रॅश तिथेच गिळला जातो आणि तुम्हाला दिसतं ते फक्त ‘मिसिंग’.

दुसरी : आयसोलेट म्हणजे डार्टचा स्वतंत्रपणे चालणारा भाग. फ्लटर ३.७ पासून मुख्य आयसोलेटमध्ये ‘रूट-आयसोलेट-टोकन’ घ्या, नव्या आयसोलेटला द्या, आणि तिथे सर्वांत आधी ‘बॅकग्राउंड-आयसोलेट-बायनरी-मेसेंजर’चं ‘एन्शुअर-इनिशियलाइज्ड’ बोलवा. याने तुमच्या आयसोलेटने प्लॅटफॉर्मला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं येतात. प्लॅटफॉर्म आपणहून पाठवतो ते संदेश या वाटेने येत नाहीत.

प्रश्न : एम-चिपच्या मॅकवर सिम्युलेटरसाठी बांधताना लिंकर म्हणतो की ऑब्जेक्ट फाइल आयओएससाठी बांधलेली आहे. ‘लायपो’ तर आर्म६४ दाखवतो, सिम्युलेटरही आर्म६४. मग अडतं कुठे?

आर्किटेक्चर एक, प्लॅटफॉर्म दोन. इंटेलच्या काळात सिम्युलेटर एक्स८६-६४ आणि फोन आर्म६४ असल्यामुळे दोन्ही एका फॅट फाइलमध्ये (अनेक आर्किटेक्चरच्या एकत्र फाइलमध्ये) मावत आणि आर्किटेक्चरवरून वेगळे ओळखू येत. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ आल्यावर दोन्हीकडे आर्म६४ झालं. एका फॅट फाइलमध्ये दोन आर्म६४ बसत नाहीत. लायपो हे टूल फक्त आर्किटेक्चर सांगतं, प्लॅटफॉर्म सांगत नाही. ‘ओटूल -एल’ चालवून ‘बिल्ड-व्हर्जन’खालचा ‘प्लॅटफॉर्म’ आकडा बघा : २ म्हणजे फोन, ७ म्हणजे सिम्युलेटर.

लायब्ररी दोनदा बांधा आणि ‘एक्सकोडबिल्ड -क्रिएट-एक्ससीफ्रेमवर्क’ने एकत्र करा. पॉडस्पेकमध्ये ती ‘व्हेंडर्ड_फ्रेमवर्क्स’खाली द्या. सिम्युलेटरसाठी आर्म६४ वगळण्याचा ‘एक्सक्लूडेड_आर्क्स’ हा तोडगा सर्वत्र सुचवला जातो. तो अख्ख्या अ‍ॅपला आणि सगळ्या पॉड्सना (कोकोपॉड्सने आणलेल्या लायब्ररींना) रोझेटावर (एम-चिपवर इंटेलचा कोड चालवणाऱ्या सोयीवर) चालणाऱ्या एक्स८६-६४मध्ये ढकलतो. ज्या पॉडकडे ती बांधणी नसेल तो मग नव्याने ‘सापडत नाही’. बंद सोर्सची, नवी आवृत्ती न मिळणारी लायब्ररी असेल तरच हा मार्ग घ्या.

लिंकरला पॉडच सापडत नसेल तर आधी दोन साध्या गोष्टी पाहा. एक्सकोडमध्ये ‘वर्कस्पेस’ उघडलंय की ‘प्रोजेक्ट’? आणि ‘अदर लिंकर फ्लॅग्ज’मध्ये ‘$(इनहेरिटेड)’ आहे ना? कोणीतरी हाताने एक फ्लॅग लिहिताना ते पुसलं, तर कोकोपॉड्सने दिलेली सगळी यादी गळून पडते.

प्रश्न : विंडोजवर लॉगिनचं नाव देवनागरीत आहे. तेव्हापासून अँड्रॉइडचा बिल्ड चालत नाही. (कोल्हापूरहून एक विद्यार्थी)

प्रकल्पाच्या पत्त्यात आस्कीबाहेरची (साध्या रोमन अक्षरांखेरीज) अक्षरं दिसली की अँड्रॉइडचं ग्रेडल प्लगइन विंडोजवर सुरुवातीलाच थांबतं. ‘अँड्रॉइड डॉट ओव्हरराइड-पाथ-चेक’ खरं केलं तर फक्त ती तपासणी गप्प बसते. पुढे देवनागरी पत्ता नीट न वाचणाऱ्या टूलला फाइल सापडायची नाही ती नाहीच. लॉगिनचं नाव बदलायची गरज नाही, फक्त बिल्डशी संबंध असलेलं सगळं त्या फोल्डरबाहेर काढा. प्रकल्प ‘सी:\डेव्ह’मध्ये हलवा. एसडीके ‘सी:\अँड्रॉइड\एसडीके’मध्ये हलवा. तो मुळात लॉगिनच्या फोल्डरमध्येच बसतो, ही गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. पत्त्यात स्पेस नको, एनडीकेला ती चालत नाही. ‘ग्रेडल_यूजर_होम’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘सी:\ग्रेडल’ करा. फ्लटर असेल तर ‘पब_कॅशे’ही बाहेर काढा. मग अँड्रॉइड स्टुडिओ बंद करून पुन्हा उघडा, कारण चालू असलेल्या प्रोग्रामला नवी व्हेरिएबल्स दिसत नाहीत.

प्रकल्पाचं फोल्डर मुळाजवळ आणि नाव आखूड ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. विंडोजवर ऑब्जेक्ट फाइलचा पत्ता २५० अक्षरांपलीकडे गेला की सीमेक इशारा देतो. रिअ‍ॅक्ट नेटिव्हच्या नव्या आर्किटेक्चरमध्ये जनरेट झालेल्या फाइलींची नावं मुळातच लांबलचक असतात, त्यामुळे ‘सी:\डेव्ह\अ‍ॅप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’च्या आतलं पाच पायऱ्यांचं फोल्डर यांत बिल्ड होण्या-न होण्याइतका फरक पडतो.

प्रश्न : टर्मिनलमधून बिल्ड होतो, एक्सकोड आणि अँड्रॉइड स्टुडिओमधून ‘नोड’ सापडत नाही.

नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) व्हर्जन मॅनेजरने बसवला आहे आणि त्याचा पत्ता फक्त टर्मिनलच्या शेलच्या, म्हणजे झेडएसएचच्या, सेटिंगमध्ये आहे. डॉकवरून उघडलेलं अ‍ॅप ती सेटिंग वाचत नाही. एक्सकोडसाठी आयओएस फोल्डरमधल्या ‘.एक्सकोड.एन्व्ह.लोकल’ फाइलमध्ये ‘नोड_बायनरी’ला ‘कमांड -व्ही नोड’ने मिळालेला पूर्ण पत्ता द्या. नोडची आवृत्ती बदलली की ही ओळही बदलायची. अँड्रॉइड स्टुडिओसाठी आधी ‘ग्रेडलडब्ल्यू --स्टॉप’ने जुना डेमन (पार्श्वभूमीत चालू राहिलेला ग्रेडल) थांबवा आणि स्टुडिओ टर्मिनलमधून ‘ओपन -ए’ने उघडा. डेमन न थांबवता उघडलं तर तो जुनाच पाथ धरून बसू शकतो.